घरी पाहिलेली मैफल खोटी कशी?

एखादा नावाजलेला जॅम बँड, म्हणजे मंचावर उत्स्फूर्तपणे गाणी फुलवत वाजवणारा बँड, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात ओळीनं चार रात्री वाजवतो, त्याचं थेट चित्रण जगभर पाहिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तोच वाद नव्यानं पेटतो. एका बाजूचं म्हणणं असं, की सोफ्यावर बसून पडद्यावर पाहिलं त्याला कार्यक्रम अनुभवला असं म्हणूच नये. जे सभागृहात होते त्यांनीच बोलावं. दुसरी बाजू उत्तर देते, की घरी आवाज स्वच्छ येतो, गिटारवादकाची बोटं दिसतात, रांग नाही, धक्काबुक्की नाही, मग तिकडे जायचंच कशाला? या दुनियेत घरून कार्यक्रम पाहण्याला ‘काउच टूर’ असं नाव पडलेलं आहे. हा सगळा वाद मला चुकीच्या पायावर उभा वाटतो. घरी पाहणं ही प्रत्यक्ष हजेरीची नक्कल, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी न तपासताच मान्य करून टाकली आहे. मग भांडण उरतं ते नक्कल कितपत जमली एवढ्यापुरतं. माझं मत असं, की उत्स्फूर्त वादनावर जगणाऱ्या संगीतात मैफलीचं मुद्रण (ध्वनिमुद्रण किंवा चित्रण) सलग आणि लक्ष देऊन पाहणं हे स्वतंत्र मोलाचं ऐकणं आहे. ते या परंपरेच्या मुळाशीच आहे. आणि त्याला जो खरा धोका आहे, त्याचं नावही या वादात फारसं कुणी घेत नाही.

आधी हे संगीत काय आहे ते नीट सांगायला हवं, कारण पॉप गायकाच्या कार्यक्रमाला लागू होणारे युक्तिवाद इथे सरसकट वापरले जातात. पॉपच्या मोठ्या दौऱ्यात पहिल्या रात्री जे झालं तेच चाळिसाव्या रात्रीही व्हावं, अशी योजना असते. जॅम बँडचं याच्या उलट. गाणं ठरलेलं, बोल ठरलेले, पण मधली वाट मोकळी. पाच-सहा मिनिटांचं गाणं एखाद्या रात्री पंचवीस मिनिटं चालतं, दुसऱ्याच गाण्यात शिरतं, कधी मूळ गाण्याकडे परतून येतं, कधी येतच नाही. बंदिश तीच आणि विस्तार रोज नवा, हे ज्याच्या कानांना ठाऊक आहे त्या मराठी रसिकाला याहून जास्त सांगायची गरज नाही. 1965 साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये उभा राहिलेला ग्रेटफुल डेड आणि 1983 साली व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये सुरू झालेला फिश, हे या परंपरेतले दोन मोठे बँड. डेडनं तीस वर्षांत सुमारे 2,300 कार्यक्रम केले. स्टुडिओत बांधलेल्या गाण्याची मूळ प्रत कुठेतरी असते आणि मंचावर तिची आवृत्ती सादर होते. इथे मंचावर घडलं तेच मूळ. त्या रात्रीचं मुद्रण हीच त्या वादनाची एकमेव संहिता. तिला दुय्यम म्हणायचं तर प्रथम काय, हे दाखवायला दुसरं काहीच हातात उरत नाही.

हे या बँडच्या श्रोत्यांना फार लवकर उमगलं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच लोक मायक्रोफोन आणि टेप रेकॉर्डर घेऊन डेडच्या कार्यक्रमांना जायचे आणि घरी आल्यावर एकमेकांना प्रती करून द्यायचे. ‘रेलिक्स’ हे मासिक 1974 साली सुरू झालं तेच मुळी अशा टेपची देवाणघेवाण करणाऱ्यांचं पत्रक म्हणून. बँडनं याला फारसा अटकाव केला नाही. एकच अट होती, विक्री करायची नाही. पुढे मायक्रोफोनच्या काठ्यांचं जंगल एवढं वाढलं, की मागच्यांना मंच दिसेना. तेव्हा ऑक्टोबर 1984 मध्ये बर्कलीतल्या कार्यक्रमांपासून ध्वनियंत्रणेच्या मागे टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवण्यात आली, वेगळ्या तिकिटांसकट. रेकॉर्ड कंपन्या घरगुती कॅसेटला संगीताची मारेकरी म्हणत होत्या त्याच काळात एक बँड आपल्याच मैफलीत कॅसेट करणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडत होता. फिशनंही पुढे तोच रस्ता धरला. डिसेंबर 2002 मध्ये त्यांनी स्वतःच्या ताज्या कार्यक्रमांची मुद्रणं थेट श्रोत्यांना विकायला सुरुवात केली आणि पुढच्या काळात त्याला चित्रणाची जोड मिळाली.

म्हणूनच ‘तिथे असलात तरच कळेल’ हे वाक्य या संगीताच्या चाहत्यानं उच्चारावं, याचं मला नवल वाटतं. तिथे जाण्याची ओढ त्याला लागली कुठून? बहुतेकांच्या बाबतीत कुणा मित्रानं दिलेल्या कॅसेटवरून. 2005 च्या नोव्हेंबरात इंटरनेट अर्काइव्ह या विनामूल्य संग्रहाच्या संकेतस्थळावरून डेडची मुद्रणं उतरवून घेण्याची सोय एकाएकी बंद झाली, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवावं. चाहत्यांनी निषेध केला, बँडचे बास गिटारवादक फिल लेश यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली आणि काही दिवसांतच श्रोत्यांनी केलेली मुद्रणं पुन्हा खुली झाली. ध्वनियंत्रणेवरून घेतलेली मुद्रणं मात्र तेव्हापासून तिथे फक्त ऐकता येतात. घरी बसून ऐकणं हा जर कमअस्सल अनुभव असता, तर त्यासाठी इतके लोक इतके पेटून उठले असते का?

पण प्रतिपक्षाचे मुद्दे फुसके आहेत असं नाही. त्यातला पहिला शरीराचा. मोठ्या सभागृहात बास गिटारचे खालचे सूर कानांआधी छातीत आणि तळपायांत पोहोचतात. घरातल्या स्पीकरला ते साधत नाही, आणि साधलं तरी शेजारी साधू देत नाहीत. फिशचे प्रकाशयोजनाकार क्रिस कुरोडा वादनाबरोबर जागच्या जागी प्रकाश रचतात; त्या झोताखाली उभं राहणं आणि तो झोत हातभर पडद्यावर पाहणं यांत फरक आहेच. लास व्हेगासमधल्या स्फिअर या घुमटात 2024 च्या एप्रिलमध्ये याच बँडनं चार रात्री वाजवलं. डोक्यावरून पाठीमागे वळत जाणारा तो अजस्र पडदा कोणत्याही दिवाणखान्यात मावणार नाही. आणि 31 डिसेंबर 1999 च्या मध्यरात्री फ्लोरिडातल्या बिग सायप्रस इथे फिशनं सुरू केलेला सेट, म्हणजे सलग वादनाचा टप्पा, नव्या वर्षाचा सूर्य उगवेपर्यंत, सात तासांहून जास्त काळ चालला. त्याचं मुद्रण ऐकता येतं. पण रात्रभर उभं राहून दमलेल्या पायांनी पाहिलेली पहाट मुद्रणात सापडत नाही. हे सगळं मला मान्य आहे आणि ते लहान नुकसान आहे असं मी म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा याहून भारी आहे, आणि तो मांडणारे लोक सहसा तो अर्धवट मांडतात म्हणून मीच नीट मांडतो. सभागृहातला श्रोता फक्त घेत नाही, तो संगीतात भर घालतो. 31 जुलै 2013 रोजी नेवाडातल्या लेक टाहो इथे फिशनं ‘ट्वीझर’ हे गाणं 35 मिनिटांहून अधिक वेळ वाजवलं. एका टप्प्यावर वादक मध्येच थबकू लागले. त्या निमिषभराच्या शांततेत श्रोत्यांनी ‘वू’ अशी आरोळी दिली. वादकांनी ती ऐकली, पुन्हा तेवढीच जागा मोकळी सोडली, श्रोत्यांनी ती पुन्हा भरली, आणि बघता बघता हजारो माणसं त्या रचनेतलं पाचवं वाद्य झाली. घरी बसलेल्या माणसानं कितीही जोरात ‘वू’ केलं तरी ते मंचावर पोहोचत नाही. तो त्या रात्रीचा ऋणकोच राहतो. शिवाय धोका पत्करण्यात त्याचा वाटा नसतो. जॅम, म्हणजे ते उत्स्फूर्त वादन, फसण्याची शक्यता वादकांइतकीच सभागृहातल्या श्रोत्यानंही उचललेली असते. घरचा श्रोता कंटाळला तर उठून जातो. जुनं मुद्रण पाहत असेल तर त्याला आधीच माहीत असतं, की ही रात्र गाजलेली आहे.

आता उत्तर. श्रोत्याची भर त्या रात्रीपुरतीच मोजायची का? 9 ऑक्टोबर 1989 रोजी व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन कलोझियममध्ये डेडनं ‘डार्क स्टार’ सुरू केलं. त्याआधी ते 1984 च्या जुलैमध्ये वाजलं होतं. मधली पाच वर्षं नाही. पहिल्या काही सुरांतच सभागृहातून जी गर्जना उठते, ती मुद्रणात आजही अंगावर काटा आणते. ती गर्जना कुठून आली? 1987 नंतर डेडकडे तरुण श्रोत्यांची एक मोठी लाट वळली होती. त्यांच्यापैकी कुणी हे गाणं मंचावर ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. त्यांनी ते ऐकलं होतं घरी, वसतिगृहात, गाडीत, तिसऱ्या-चौथ्या प्रतीच्या खरखरत्या कॅसेटवर. पहिल्या चार सुरांवरून गाणं ओळखणारं, त्याच्या गैरहजेरीचं वजन जाणणारं सभागृह हे अशा घरगुती ऐकण्यातूनच घडलं होतं. टाहोच्या ‘वू’चंही तेच. ती लकब पुढे दुसऱ्या शहरांतल्या कार्यक्रमांत पसरली, कारण लोकांनी ती मुद्रणात ऐकली. (पुढे ती जिथे नको तिथेही होऊ लागली, हा भाग वेगळा.) घरचा श्रोता त्या रात्रीला काही देत नाही हे खरं, पण पुढच्या रात्री ज्या जाणकार श्रोतृवर्गासमोर घडतात, तो वर्ग घरीच तयार होतो.

शरीराच्या मुद्द्याला मी वेगळ्या बाजूनं उत्तर देईन. ‘तिथे असणं’ या शब्दांत दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे: ती संध्याकाळ आणि ते संगीत. सप्टेंबर 1978 मध्ये डेडनं इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांच्या पायथ्याशी तीन रात्री वाजवलं. शेवटच्या रात्री, 16 तारखेला, खग्रास चंद्रग्रहण होतं. समोर स्फिंक्स, वर झाकोळलेला चंद्र, भोवती वाळवंट. जे तिथे होते त्यांच्यासाठी ते आयुष्यभराचं देणं ठरलं यात मला तिळमात्र शंका नाही. आणि वादन? ड्रमवादक बिल क्रॉइट्झमन यांचं मनगट मोडलेलं होतं, ते एका हातानं वाजवत होते. पियानो सुरात नव्हता. या कार्यक्रमांचा अल्बम काढायचा बेत होता, पण टेप ऐकल्यावर बँडनंच तो रद्द केला. निवडक भाग बाहेर यायला 2008 साल उजाडलं. आता सांगा, गिझाची ती मैफल चांगली होती की नव्हती? संध्याकाळ अपूर्व होती आणि संगीत बेताचं होतं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि दुसरं विधान करण्याची ताकद सभागृहातल्या माणसाकडे त्या क्षणी नसते. ग्रहण लागलेलं असताना सूर कुणाचे ढळले हे कोण बघणार? ते टेप सांगते. घरी पाहणाऱ्याची संध्याकाळ हुकते. संगीत त्याच्यासमोर उघडं असतं, कोणत्याही वातावरणाच्या आडोशाशिवाय.

यावर एक चतुर प्रतिवाद येतो आणि तो विचार करण्याजोगा आहे. टेपही निर्लेप नसते. 8 मे 1977 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये डेडचा कार्यक्रम झाला. अनेक चाहते तो सर्वोत्तम मानतात, आणि त्याचं मुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत 2011 च्या यादीत समाविष्ट झालं. पण तीच रात्र का? त्याच दौऱ्यातल्या इतर रात्रीही तोलामोलाच्या होत्या असं जुने जाणते सांगतात. एक मोठं कारण असं, की त्या रात्रीचं मुद्रण बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलं होतं आणि त्यांचा कान असामान्य होता. त्यांच्या टेप 1986 मध्ये एका गोदामाच्या लिलावात विकल्या गेल्या, मग हळूहळू चाहत्यांच्या हाती पोहोचल्या, आणि त्या स्वच्छ आवाजानं ती रात्र दंतकथा झाली. म्हणजे इतिहास घडवला वादनानं की मुद्रणानं? मी म्हणेन, दोघांनी मिळून, आणि त्यात वावगं काही नाही. प्रत्येक कलेत जे टिकलं त्यातूनच श्रेष्ठ काय ते ठरतं. टेपमुळे कॉर्नेलला झुकतं माप मिळालं असेल; पण इतर रात्रींच्याही टेप आहेत, आणि ‘कॉर्नेलपेक्षा ही सरस’ असं म्हणणारा माणूस ते सिद्धही करतो टेप लावूनच.

टेप नसेल तर काय होतं, याचं उत्तर आपल्या घरातच आहे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग 1902 साली कलकत्त्यात आला, गौहरजान यांचं गाणं तबकडीवर उतरलं आणि भारतात ध्वनिमुद्रणाचं युग सुरू झालं. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं, 1946 पर्यंत हयात होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्यांच्या तालमीत घडल्या, त्या गायकाच्या आवाजाची एकही तबकडी आपल्याकडे नाही. भास्करबुवा बखले 1922 साली गेले, त्यांचंही तेच. त्या काळी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग कोंबायला नकार देणाऱ्या गायकांचा मुद्दा चुकीचा नव्हता. यंत्र खरोखरच तोकडं होतं. पण त्या नकाराची किंमत कोण मोजतंय? आपण मोजतोय, शिष्यांच्या आठवणी आणि आख्यायिका चाळत. ‘समोर बसून ऐकलं तेच खरं’ हे तत्त्व पूर्णपणे पाळलं की हाती असा रिकामेपणा येतो.

यंत्रानं संगीत मरेल ही भीती नवी नाही, तशीच यंत्रानं मैफल संपेल ही आशाही नवी नाही. 1906 साली अमेरिकेतले प्रसिद्ध बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांनी फोनोग्राफविरुद्ध मोहीम उघडली. घराघरांतलं गाणं-वाजवणं बंद पडेल, बाळाला अंगाईसुद्धा यंत्रच ऐकवेल, असं त्यांचं भाकीत होतं. उलट टोकाला कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड. त्यानं 1964 साली, ऐन तिशीत, मंच कायमचा सोडला, आणि शंभर वर्षांत सार्वजनिक मैफल नावाची गोष्ट उरणार नाही असं लिहिलं. त्या शंभरांतली साठ वर्षं सरत आली, तरी मैफल संपण्याची चिन्हं नाहीत. सूझांच्या भीतीनंतरच्या शतकात गॅरेजमध्ये गिटार घेऊन बसणाऱ्या पोरांच्या पिढ्या निपजल्या, आणि त्या पोरांनी वाजवायला शिकलं ते बहुधा तबकड्या पुन्हा पुन्हा लावून. दोघेही थोर कलावंत, दोघांचीही कानांची जाण वादातीत, आणि दोघेही चुकले ते एकाच ठिकाणी: एक प्रकारचं ऐकणं आलं की दुसरं हटणार, असं त्यांनी धरून चाललं. आजचा काउच टूरचा वाद नेमक्या त्याच जागी अडकलेला आहे.

याची परीक्षा अलीकडेच झाली. 2020 च्या मार्चमध्ये महासाथीनं सभागृहं बंद झाली आणि फिशनं जुन्या कार्यक्रमांची चित्रणं दर मंगळवारी विनामूल्य दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत बँडचे गिटारवादक ट्रे अनास्तासियो यांनी न्यूयॉर्कच्या रिकाम्या बीकन थिएटरमधून सलग आठ शुक्रवार वादन केलं. 2021 च्या वर्षअखेरीस मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले, तेव्हा बँडनं 31 डिसेंबरला श्रोत्यांविना वाजवून ते विनामूल्य प्रक्षेपित केलं. ‘घरूनच बरं’ म्हणणाऱ्यांनी ही चित्रणं पुन्हा पाहावीत. वादन उत्तम आहे, पण गाणं संपल्यावर पडणारी ती शांतता बोचते, आणि वादकांनाही ती बोचत असणार. सभागृह लागतंच, हे त्यातून कळलं. आणि सभागृहं उघडल्यावर लोक घरी बसून राहिले का? नाही. आज तोच बँड भरलेल्या गार्डनमध्ये वाजवतो आणि त्याच वेळी चित्रणही दाखवतो. फुकट किंवा स्वस्त मुद्रणांनी कलावंताचं पोट मारलं जातं, या आक्षेपालाही डेडच्याच इतिहासात उत्तर आहे: ज्या बँडनं आपल्या मैफली टेप करू दिल्या, तोच नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सर्वाधिक कमाईच्या दौऱ्यांमध्ये होता.

मग घरी पाहण्यात असं काय मिळतं जे सभागृहात मिळत नाही? माझ्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट आहे निर्णय दिसणं. सामुदायिक उत्स्फूर्त वादनात प्रत्येक वळण कुणीतरी सुचवतं आणि बाकीचे ते स्वीकारतात, वाकवतात किंवा सोडून देतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फिशचे चौघे यासाठी खास सराव करायचे: एकानं लहानसा आकृतिबंध सुरू करायचा, बाकीच्यांनी आपापली भर घालून त्यात मिसळायचं, मग दुसऱ्यानं तो बदलायचा आणि सगळ्यांनी तो बदल टिपायचा. एकमेकांना ऐकण्याची ती तालीम होती. सभागृहात पहिल्यांदा ऐकताना आपण परिणामानं भारावतो. कारण मागे राहतं. घरी दुसऱ्यांदा पाहताना कळतं, की ज्या उसळीनं लोक नाचायला लागले तिचं बीज चार मिनिटं आधी कीबोर्डवर पेज मॅकॉनेल यांनी बदललेल्या एका स्वरसंगतीत होतं. ड्रमवर बसलेले जॉन फिशमन ती ऐकून क्षणभर मान वर करतात, हात हलका करतात, आणि गिटार अजून जुन्याच वाटेवर चाललेली असते. ती केव्हा वळते? वळते की वळत नाही? उत्तर माहीत असूनही हे पाहताना उत्सुकता कमी होत नाही, उलट ती परिणामावरून प्रक्रियेकडे सरकते. आपल्याकडे जाणकार श्रोता जुनं मुद्रण पुन्हा का लावतो? समेवर गायक येणार हे त्याला ठाऊकच असतं; कसा येतो, यासाठी तो ऐकतो.

सलगतेचं मोलही घरीच जास्त कळतं. 2017 च्या जुलै-ऑगस्टमध्ये फिशनं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री वाजवलं आणि त्या तेरा रात्रींत एकही गाणं दुसऱ्यांदा घेतलं नाही. एकूण 237 गाणी झाली. ही एकच मोठी रचना होती, तेरा भागांची. सगळ्या रात्री सभागृहात हजर राहण्याइतका वेळ, पैसा आणि रजा किती जणांकडे असणार? ज्यांनी दोन रात्री पाहिल्या त्यांच्या संध्याकाळी समृद्ध झाल्या. पण तेरा रात्रींचा संपूर्ण आराखडा, कोणतं गाणं कुठे राखून ठेवलं होतं आणि का, हे ज्यांना दिसलं त्यांतले बरेचसे घरी होते. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. इथून ज्याला गार्डनच्या पायऱ्या कधी चढता येणार नाहीत, लहान मूल ज्याच्या मांडीवर आहे, ज्याला गर्दीत तासन्‌तास उभं राहणं शरीरामुळे शक्य नाही, त्या सगळ्यांना ‘तुमचं ऐकणं खरं नव्हे’ असं सांगण्याचा अधिकार तिकिटाच्या तुकड्यातून येतो का?

आणि आता तो धोका, जो मला खरोखर अस्वस्थ करतो. कार्यक्रम संपायच्या आत त्याचे दीड-दोन मिनिटांचे तुकडे फिरू लागतात: जॅमचं शिखर, उसळणारी गर्दी, प्रकाशाचा स्फोट. चढण कापून फक्त माथा दाखवायचा. वीस मिनिटांच्या वादनातली पहिली चौदा मिनिटं, ज्यांत काही जमत नव्हतं, दोन कल्पना सोडून दिल्या, एकदा ताल डगमगला, ती नसतील तर पंधराव्या मिनिटाला जे सापडलं ते ‘सापडलं’ असं म्हणताच येत नाही. तुकडा पाहणाऱ्याच्या दृष्टीनं ते नुसतं जोरात वाजवणं असतं. कॅसेटच्या काळात ही आफत नव्हती, कारण टेप पुढे सरकवणं कटकटीचं होतं. माणूस नाइलाजानं सगळं ऐकायचा आणि त्या नाइलाजातून त्याचा कान घडायचा. पूर्ण सेट घरी पाहणारा माणूस आणि सभागृहात तीन तास उभा असणारा माणूस हे खरे सोबती आहेत, त्यांचा धीर एकाच जातीचा आहे. सभागृहात उभं राहून तुकडा टिपण्यासाठी फोन वर धरणारा मात्र हजर असूनही त्या सलगतेबाहेर असतो. हजेरीचं माप लावून भांडणाऱ्यांना हा फरक दिसत नाही.

चित्रण करणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. दर तीन-चार सेकंदांनी दृश्य बदलणारं संकलन उत्स्फूर्त वादनाशी वैर धरतं. बासवादक सगळा डोलारा वळवत असतो आणि पडद्यावर गिटारवादकाचा चेहरा; दोघांची नजरानजर झाली, तेव्हा कॅमेरा गर्दीवर. दिग्दर्शक आपल्या वतीनं ऐकतो आणि पुष्कळदा चुकीचं ऐकतो. याउलट 27 ऑगस्ट 1972 रोजी ऑरेगनमधल्या व्हेनेटा इथल्या डेडच्या कार्यक्रमाचं चित्रण पाहावं. अंगाची लाही करणारा उन्हाळा, उष्म्यानं वाद्यं सुरातून उतरत होती, चित्रण करणारे तरुण होते आणि साधनं मोजकी. ते चित्रण अधिकृतपणे बाहेर यायला 2013 साल लागलं. तरीही त्यात बोटं, डोळे, घाम आणि वाट पाहणं दिसतं, कारण कॅमेरा थांबतो. आजच्या साधनांनी याहून कितीतरी अधिक करता येईल. पूर्ण मंच दाखवणारा एक स्थिर कॅमेरा प्रत्येक प्रक्षेपणात वेगळा निवडता यावा, सेटमधलं काहीही कापू नये, फसलेला जॅम फसलेल्या अवस्थेतच ठेवावा, आणि मुद्रण आठवड्यानं गायब न होता कायम पाहता यावं, एवढ्या मागण्या श्रोत्यांनी बँडकडे लावून धरल्या पाहिजेत. 1984 साली टेप करणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवताना डेडनं घरच्या श्रोत्याला आपल्या मैफलीचा भाग मानलं होतं. आजच्या बँडनीही त्याला तसंच मानावं आणि संपूर्ण रात्र त्याच्या हाती द्यावी.